उकंडरावांना रंग सोसत नाही

पडदा वर जातो. समोर शाळेतला चौथीचा वर्ग. बाकं भिंतीला सरकवलेली, फळ्यावर कोणाचा तरी पाढा अर्धवट पुसलेला, खिडकीतून दुपारचं ऊन तिरपं होऊन आत आलेलं. मधोमध मास्तरांची खुर्ची, आणि तिच्यावर गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसलेले उकंडराव. सत्तरी ओलांडलेली, गालफडं बसलेली, मिशी काल रात्रीच कातरून घेतलेली. त्यांच्या पुढ्यात मी, हातात रंगाची बशी. बाहेर पटांगणात कोणीतरी माईकवर टिचक्या मारत होतं.

"लावा पुष्पाबाई," ते म्हणाले. "पोरगी पाह्याले आल्यावानी काय पाहून राह्यल्या?"

"पाहून राह्यली, रंग लावाले जागा कुठं हाये. नुसत्या घड्याच घड्या."

"मंग इस्त्री करा आधी."

मी बोटावर रंग घेतला आणि त्यांच्या कपाळावर टेकवला. त्यांनी डोळे मिटले. पन्नास वर्षांत या माणसाच्या तोंडाला कोणी रंग लावला नव्हता. का लावला नव्हता, ते सांगितल्याशिवाय पुढचा प्रवेश सुरू करता येत नाही.

आमचं कलापथक डोणगावच्या बाजूचं. कापूस घरात येऊन पडला, लोकांच्या हातांना जरा विसावा मिळाला की आम्ही निघायचो. दोन बैलगाड्या, पुढे पुढे एक टेम्पो. पेटीवर शंकरराव, तेच मालक, तेच लिहिणारे, तेच रंग लावणारे. मी सगळ्या राण्या करायची, कारण बाईमाणूस मी एकटीच. आणि उकंडा नावाचा एक पोरगा आमच्यात आला तो त्याच्या गळ्यामुळे. त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं आणि नाव तेच ठेवलं. मरणाला वाटावं, हे टाकलेलं आहे, नेण्यासारखं नाही. तो गायला लागला की मागच्या रांगेतली बिडी विझायची. शंकररावांनी त्याला राजपुत्र दिला.

पहिला प्रयोग रोहिणखेडच्या जत्रेत. शंकररावांनी स्वतः त्याला रंग लावला. सफेदा, गालावर लाली, भिवया काजळाने लांब ओढलेल्या. राजपुत्र असा दिसला की मी राणी असून विसरले, की हा माझा मुलगा आहे. लोकांनी गाणं तीनदा मागितलं.

सकाळी बघतो तर राजपुत्राचे ओठ भज्यासारखे फुगलेले. एक डोळा पूर्ण मिटलेला, दुसऱ्याची नुसती चीर. खाज नाही, पुरळ नाही, ताप नाही. नुसती सूज, ताणलेली, जड. गावातल्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं. त्याने काही झालं नाही. दोन-तीन दिवसांनी सूज आपली आपण ओसरली, जशी काही कधी नव्हतीच.

पुढे खामगावात पुन्हा रंग लावला, पुन्हा तेच. तेव्हा त्याची आई गावाहून आली आणि शंकररावांसमोर हात जोडून म्हणाली, "आमच्या घरान्याले रंग सोसत नाई, मालक. याचा काका हयदीच्या दिवशी गेला. इकडं अंगाले हयद लागली, अन् तिकडं नरडं सुजून कोंडला. नवरदेव पाटावरून उठलाच नाई."

हे ऐकल्यावर कोणाची छाती होईल? शंकरराव कडक होते, पण दुष्ट नव्हते. त्यांनी उकंड्याला काढून टाकलं नाही. त्याच्या हातात पडद्याची दोरी दिली.

तुम्ही म्हणाल, दोरी ओढण्यात काय आहे. मी आयुष्यभर त्या पडद्याच्या पुढे उभी राहिले, मला विचारा. लोक हसत असले तर उकंडराव पडदा अर्ध्यावर धरून ठेवायचे, हसू पुरतं होऊ द्यायचे. भांडणाच्या प्रवेशाला तो धाडकन पडायचा. आणि मी मेले की पडदा इतका सावकाश यायचा, की मला मेल्या मेल्या बायांचं रडणं ऐकू यायचं. सगळ्यांची सगळी भाषणं त्यांना पाठ. मी अडले की कडेला बघायची. तिथे दोरी हातात धरून त्यांचे ओठ हलत असायचे, राजाचे, राणीचे, चोराचे.

उकंडरावांचं लग्न झालं, चांगुणा घरात आली. नागसेन झाला, सारिका झाली. कलापथक मोडलं, शंकरराव गेले. सूज मात्र येत राहिली. कधी हात, कधी पाय, कधी पोटात अशी कळ की माणूस जमिनीवर गडबडा लोळायचा. रंग तर आता लागत नव्हता, मग दोष वांग्याला गेला, मग शेंगदाण्याला, मग शिळ्याला. चांगुणाबाईंनी एकेक जिन्नस घरातून हद्दपार केला. रंगपंचमीला त्यांच्या दाराला आतून कडी असायची. सारिकाच्या लग्नात तिच्या अंगाला हळद लावू दिली नाही. विड्याच्या पानाला लावली आणि पान पाटाखाली ठेवलं. सासरच्या बाया कुजबुजल्या. उकंडराव मांडवाच्या दारात उभे होते, हात जोडून, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "रंग सोसत नाई जी आम्हाले."

आणि एवढं करूनही सारिका सुजली. खामगावला, सासरी, बाळंतपणानंतर काही महिन्यांनी. आधी जीभ, मग घसा. नवऱ्याने तिला उचलून थेट अकोल्याला नेलं, म्हणून ती वाचली. तिथे डॉक्टर अनुपमा नावाची एक तरुण बाई भेटली. तिने नेहमीचं इंजेक्शन चालत नाही हे पाहिलं आणि तिथेच थांबली नाही. रक्त तपासायला पाठवलं, आणि मग निरोप धाडला, वडिलांना घेऊन या.

नागसेन, उकंडराव आणि मी गेलो. मी का, तर उकंडराव म्हणाले, "डाक्टरच्या समोर माही दातखिळी बसते. तुम्ही राणी व्हा."

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. आपल्या रक्तात प्रथिनं कापणारी विकरं असतात. त्यांतल्या एकाचं नाव कॅलिक्रीन. कुठे मार लागला, जखम झाली, ताण आला की ते जागं होतं आणि एका मोठ्या प्रथिनाचा लहानसा तुकडा कापून मोकळा करतं. तो तुकडा बारीक रक्तवाहिन्यांना सैल करतो, त्यांतून पाणी बाहेर झिरपतं, आणि तिथे सूज येते. ही सूज वाईट नाही, दुरुस्तीचं काम तिच्यामुळे सुरू होतं. पण काम झालं की त्या विकराला आवरावं लागतं. त्यासाठी रक्तात दुसरं एक प्रथिन पहारा देत असतं. उकंडरावांच्या घराण्यात ते पहाऱ्याचं प्रथिन जन्मापासूनच कमी. म्हणून कापणारा कापतच सुटतो. अ‍ॅलर्जीची सूज वेगळ्या वाटेने येते, म्हणून तिची औषधं इथे लागू पडत नाहीत.

उकंडराव खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे बाई, दोरी ओढनारा हाये, पन 'आता पुरे' म्हननारा कोनी नाई."

डॉक्टरबाई हसल्या. "अगदी तसंच."

"अन् रंग?"

"कसला रंग?"

मी सांगितलं. रोहिणखेड, खामगाव, काकांची हळद. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "रंगाने नाही झालं, आजोबा. पहिल्यांदा स्टेजवर जायचं, त्याचा ताण, जागरण, प्रवासाची दगदग. तेवढं पुरतं. तुमच्या काकांचंही लग्नच होतं."

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले. बाळापूर मागे गेलं. मग एकदम माझ्याकडे वळले.

"म्हंजे रंगाचं काईच नव्हतं."

"नव्हतं."

"शंकररावले सांगाले पाह्यजे."

"ते जाऊन किती वर्षं झाली, उकंडराव."

"तरी पन," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी रोजच्या गोळ्या दिल्या होत्या. शिवाय एक इंजेक्शन, सूज घशाकडे चढायला लागली की ताबडतोब पोटाच्या कातडीत टोचायचं. ते औषध आपल्याकडे दुकानात मिळत नाही. त्यांनी खूप खटपट करून एक मिळवलं होतं आणि दुसऱ्यासाठी मुंबईला कळवलं होतं. एक सुई आणि माणसं दोन. उकंडरावांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"सारिकाकडं राहू दे. तिच्या घरी फ्रीज हाये. आमच्याकडं लाइट राह्यते का?"

लाइट जाते हे खरंच होतं. पण नागसेनच्या घरीही फ्रीज होता, तोही त्याच आवारात. सुई खामगावला गेली.

मग शाळेला नवीन रंगमंच बांधून झाला. सिमेंटचा, वर पत्रे, दोन्ही बाजूंना खोल्या. शाळा समितीचे भगवानराव माझ्याकडे आले. म्हणाले, उद्घाटनाला तुमचं जुनं एखादं नाटक करा, गावातल्याच लोकांना घेऊन. मी शंकररावांचं 'जागल्याची बोंब' काढलं. त्यात गावाचा म्हातारा जागल्या आहे. आरोळ्या देऊन देऊन त्याचा आवाज बसलेला, आणि चोर आले तेव्हा त्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही, असा सगळा हसण्याचा मामला. पडदा ओढायला उकंडरावांना बोलावलं. ते आले, आणि दारातच उभे राहिले.

"जागल्या म्या करतो," म्हणाले.

नागसेनने हे ऐकलं तेव्हा तो माझ्याकडे धावत आला. माझ्यासमोरच त्याने वडिलांना विचारलं, "बाबा, दुसरी सुई येऊ द्या. मंग नाचा तिकडं. एवढी काऊन घाई?"

"घाई? चाळीस वर्सं दोरी धरली बे म्या."

"नरड्यात चढली तं इथून दवाखाना किती दूर हाये, मालूम हाये ना?"

"तुह्या मायनं वांगं बंद केलं, शेंगदाना बंद केला, तरी चढत होती. घरी बसून नाई चढत का?"

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या स्पष्ट बोलल्या. गोळ्या चालू आहेत, कदाचित काहीच होणार नाही. पण मला विचाराल तर औषध हातात येईपर्यंत थांबा. मी ते जसंच्या तसं उकंडरावांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, मान डोलावली, आणि म्हणाले, "बरोबर हाये त्या बाईचं." आणि दुसऱ्या दिवशी तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन बसले. चांगुणाबाई तर माझ्याशी बोलेनात. नवऱ्याशी त्या बोलायच्या, पण फक्त एकच, "सोसत नाई तं सोसत नाई. डाक्टर काल जन्मली."

तर असा तो चौथीचा वर्ग. मी रंग पुरा केला, मिशीला पांढरं लावलं, आरसा पुढे धरला. त्यांनी पाहिलं. गाल हळूच दाबून पाहिले, या बाजूने, त्या बाजूने. कुठे सूज आहे का, ते बघत होते की काय कोण जाणे.

"कसं?" मी विचारलं.

"शंकरराव चांगला लावत होते," ते म्हणाले, आणि काठी घेऊन उठले.

पहिला प्रवेश त्यांनी असा केला, की मी कडेला उभी राहून सगळं विसरले. ती चाल, ते अर्ध्यात विसरणं, पाटलाच्या बायकोला चोर समजून तिच्यावर ओरडणं. पोरं बाकांवर उभी राहिली. भगवानराव डोळे पुसत होते हसून हसून. समोर चांगुणाबाई बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्या हसत होत्या की काय, ते कळलं नाही.

दुसऱ्या प्रवेशात जागल्याचा आवाज बसायचा असतो. उकंडरावांचा बसला. खरखरीत, पोकळ, मडक्यातून आल्यासारखा. लोकांनी टाळ्या दिल्या. मागून कोणीतरी शिट्टी मारली, "वा रे उकंडराव." मी कडेवरून पुढे सरकले, कारण तालमीत ते आवाज असा काढत नव्हते. तालमीत ते बारीक चिरका काढायचे. त्यांनी प्रवेश पुरा केला, एकही शब्द न गाळता. आत आले तेव्हा रंगाखाली त्यांचा वरचा ओठ वर आला होता.

मी म्हणाले, "गाडी काढा." नागसेन आधीच गाडीकडे पळाला होता. पण भोवती माणसं जमली होती, आणि जो तो एकच बोलत होता, रंग, रंग, सांगितलं होतं ना. चांगुणाबाई गर्दी सारत आत आल्या, "तेल आना, खोबऱ्याचं, जल्दी." मी ओरडले की रंगाचा काही संबंध नाही, वेळ घालवू नका. कोणी ऐकेना. शेवटी मी उकंडरावांकडे पाहिलं. अकोल्याला माझ्याशेजारी बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, डॉक्टरांना हसवलं होतं. ते खुर्चीत बसले, स्वतःच टॉवेल गळ्याभोवती गुंडाळला, आणि तोंड वर केलं.

"काढा," म्हणाले. "रंग काढा आधी."

आणि बायकांनी तो काढला. तेल चोळून, पदराने पुसून, पुन्हा तेल. नागसेनची गाडी दारात सुरू होती, आणि बाप मान वर करून बसलेला, सगळा रंग निघेपर्यंत उठायला तयार नाही. आम्ही चेहरा रंगवणारी माणसं. रंग अंगावर ठेवून कोणी मांडवाबाहेर पडत नाही, हे मीच त्यांना शिकवलेलं. रंग निघाला. त्याच्या खालचा चेहरा मी ओळखत होते, रोहिणखेडच्या सकाळपासून.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने जे हाताशी होतं ते सगळं केलं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. नागसेनने फोन त्याच्या कानाला लावला, पलीकडे डॉक्टर अनुपमा. तो "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. ते औषध इथे नाही. ते नसेल तर रक्तातला द्रव, प्लाझ्मा, देऊन पाहतात, तोही इथे नाही. खामगावला न्या, तिथे तजवीज होते, मी सोबत येतो, तो म्हणाला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तो बसला, मी बसले, नागसेन बसला. चांगुणाबाईंना मागच्या गाडीत बसवलं.

निघताना नागसेनने सारिकाला कळवलं. ती एका शब्दाने काही न विचारता सुई घेऊन घरातून निघाली, नवऱ्याच्या गाडीवर, पोर शेजारणीकडे टाकून. रस्त्यातच गाठ पडेल असा हिशेब होता. जवळचा रस्ता एकच, आम्ही इकडून, ती तिकडून. नागसेन तिच्याशी फोनवर बोलत राहिला, "कुठवर आली, हाव, ये, ये." उकंडराव पाठीला उशी लावून बसले होते. आडवं होता येत नव्हतं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. ते सगळं ऐकत होते.

माझा हात त्यांच्या हातात होता. आयुष्यभर मी मेल्याचं नाटक केलं आणि या माणसाने माझ्यावर पडदा सोडला. त्यांचा श्वास मोकळा करायची एक साधी गोष्ट मला करता येत नव्हती. डॉक्टरला येत नव्हती, मुलाला येत नव्हती. सगळं काय चाललंय ते आम्हाला कळत होतं, कोणतं विकर, कोणता तुकडा, काय कमी पडतंय. काकांच्या वेळी हळदीला शिव्या देता आल्या होत्या. आम्हाला तेवढंही राहिलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. श्वास अडायला लागला तेव्हा गाडी कडेला घेऊन डॉक्टरने नळी घालायचा प्रयत्न केला. सूज एवढी की वाट दिसेना. सारिकाची गाडी समोरून आली तेव्हा तो त्यांची छाती दाबत होता. सुई सारिकाने त्याच्या हातात दिली आणि त्याने ती दिली. औषध खरं होतं, पण त्याला पोचायला वेळ लागतो, आणि रक्तही फिरायला हवं. सारिका रस्त्यावर बसली. आता तिच्याकडे सुई नाही. मुंबईची अजून आलेली नाही. डॉक्टरबाई दर आठवड्याला फोन करतात, आणि नागसेन दर आठवड्याला मला येऊन सांगतो, की नाही आली.

उकंडराव शेवटचं जे बोलले, ते गाडी थांबायच्या बरंच आधी. नागसेन फोनवर सारिकाला म्हणत होता की चिखलीच्या फाट्याकडून नको, सरळ ये. त्यांनी माझा हात सोडला आणि मुलाची बाही धरून ओढली. त्याने कान तोंडाशी नेला. आवाज असा होता, की मलाही ऐकायला वाकावं लागलं.

"तिले म्हन, बाबाले उतार पडला. तू तठूनच माघारी फिर."